दिसलं की वाटलं

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

पंचांचे शिबिर आज संपले. लेखी परीक्षेत मी पहिली आले. पुढच्या महिन्यात आपल्याकडे होणाऱ्या आमंत्रितांच्या आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धेसाठी माझी टर्न-पंच म्हणून निवड झाली आहे.

टर्न-पंचाने पलीकडच्या भिंतीशी उभे राहायचे आणि आपल्या लेनमधली मुलगी वळताना भिंतीला नीट हात लावते की नाही एवढेच बघायचे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक आधी आणि एक मागून लागला तर ती बाद. शर्यत शंभर मीटरची, तलाव पन्नासचा, म्हणजे असा टर्न एकदाच. माझ्या वाट्याला अख्ख्या शर्यतीतला एक क्षण येणार. मला तेवढा पुरेसा आहे.

मुख्य पंच विश्वेश्वर सर सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. बोलतात कमी. शेवटी म्हणाले, "तुम्ही हात वर केलात की मी तुमच्याजवळ येणार आणि एकच विचारणार. दिसलं की वाटलं? दिसलं असेल तर मुलगी बाद, मग ती कोणाचीही असो. वाटलं असेल तर हात खाली. शंकेचा फायदा पोहणारीला."

मागून कोणीतरी म्हणाले, "सर, घरी बायकोसुद्धा हेच विचारते." सगळे हसले. सर हसले नाहीत. मीही नाही.

महिलांच्या शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भारताकडून रूपश्री आहे. यादी वाचताना तिचे नाव आले. मला काही वाटले नाही. तशी नोंद करून ठेवते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्यातून घरी आले तर रूपश्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवत होती. माझ्या जागेवर. आई तिच्यासमोर तुपाची वाटी घेऊन.

"स्वल्प तूप घेतलंस तर काय बुडणार आहेस काय? घे की."

"मावशी, जड होईन. मग बेडूक पाण्यावर कसा येणार?"

आई ब्रेस्टस्ट्रोकला बेडूक-पोहणं म्हणते. मी पोहत होते तेव्हाही म्हणायची, पण तेव्हा तिला त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे.

रूपश्रीचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिची आई गेल्यापासून ती आमच्याकडे जेवते. वडील कृष्णाजी आमच्याच चामराजपेटेत शिंपीकाम करतात. त्यांची नजर आता इतकी अधू झाली आहे की सुईत दोरा ओवायला रूपश्री लागते. या स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर तिला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरी मिळणार आहे. चौथी आली तर नाही. आई हे येईल त्याला सांगते.

जूनमध्ये रूपश्रीने शंभर मीटरचा राज्य विक्रम मोडला. पेपरात "जुना विक्रम मोडीत" एवढेच आले. जुना कोणाचा, ते नव्हते. तो माझा होता.

माझी निळी टोपीही आता तिच्याकडे आहे. आईने दिली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तू आता घालतेस काय?"

नाही घालत. प्रश्न तो नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शहरात आज होणाऱ्या त्या जागतिक सौंदर्यस्पर्धेमुळे सगळीकडे पोलीस. बसवाल्याने मध्येच सगळ्यांना उतरवले. तलाव वाटेत होता म्हणून गेले. (फारसा वाटेत नव्हता.)

कल्लाप्पा सर नेहमीसारखे सुरुवातीच्या टोकाला, गळ्यात स्टॉपवॉच. एके काळी ते माझेही प्रशिक्षक होते. त्यांना दिसू नये अशी जागा मी धरली नाही, पण गॅलरीत पलीकडच्या भिंतीच्या बरोबर वर बसले. तिथून ते फारसे वर बघत नाहीत.

निळी टोपी वर येत होती, खाली जात होती. ती चांगली पोहते. पाय मारून झाले की माझ्यापेक्षा जास्त लांब घसरते. हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण दमल्यावर भिंतीपर्यंतचे अंतर तिला कळेनासे होते. मग शेवटच्या हातात ती किंचित तिरकी होते आणि डावा हात आधी टेकतो. उजवा मागून. अगदी जरासा. सर उभे राहतात तिथून हे दिसणार नाही. वरूनच दिसेल, आणि तेही काय बघायचे ते ठाऊक असेल तर.

पुन्हा पाहिले. पुन्हा डावा आधी. निळी टोपी डावीकडे कललेली, सकाळचे ऊन पाण्यात तळापर्यंत गेलेले, भिंतीवर पाच बोटे, मग आणखी पाच. चित्र अगदी स्पष्ट बसले.

मला बरे वाटले. कारखान्यात एखाद्या उपकरणातला दोष सापडला की मला नेहमीच बरे वाटते.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगावे की नाही याचा विचार केला. नेमणूक झालेल्या पंचाने खेळाडूला शिकवू नये. असा नियम पुस्तकात शोधला, सापडला नाही. पण असायला हवा.

ही वही मी मराठीत लिहिते. कारखान्यात मराठी वाचणारा एकच आहे आणि आईला चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही. तरी वही कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते.

३० नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तलावावर गेले. या वेळी कल्लाप्पा सरांनी फाटकातच पकडले.

"काय मथुरा, मोठी साहेब झालीस. कोट शिवलास की नाही?"

"पंचांना कोट नसतो सर. पांढरा शर्ट."

"मागच्या शनिवारी वर बसली होतीस. काही दिसलं?"

म्हणजे त्यांनी पाहिले होते. मी म्हणाले, "मी पंच आहे सर. मला काही सांगता येणार नाही."

"म्हणजे दिसलं."

ते हसले, मग त्यांचे हसू गेले. म्हणाले, "तुझा गुडघा दुखायला लागला तेव्हाही तू असाच चेहरा केला होतास. सुजून टम्म झाला तोवर कोणाला सांगितलं नाहीस. वेळेवर बोलली असतीस तर आज पाण्यात असतीस. आणि ही रूपश्री बघ. पोट दुखलं तरी सांगते, भीती वाटली तरी सांगते, स्वप्न पडलं तरी सांगते. डोकं खाते माझं. पण मला तिचं सगळं कळतं."

त्यांचे म्हणणे बरोबर नाही. गुडघा तसाही गेलाच असता. डॉक्टर तसे स्पष्ट म्हणाले नव्हते, पण मला माहीत आहे.

माझ्या वेळी सर कोणाचे कौतुक असे करत नसत.

१ डिसेंबर, रविवार

आईने सांगितले म्हणून रूपश्रीला लुनावर मागे बसवून बाजारात नेले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचे हात भक्कम आहेत.

सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "अक्का, एक विचारू?"

"विचार."

"टर्नला माझं काहीतरी चुकतंय. भिंत पोटात आल्यासारखी वाटते बघ. सरांना तिकडून दिसत नाही. तू एकदा बघ की."

"स्पर्धा होईपर्यंत मी बघू शकत नाही. मी पंच आहे."

"पण बघत होतीस की. दोनदा आली होतीस. वरून."

सिग्नल सुटला.

ती मागून माझ्या कानाशी म्हणाली, "मला वाटलं माझ्यासाठीच आलीस. मी सरांना म्हटलंसुद्धा, आता अक्का सांगेल."

वाऱ्यामुळे ऐकू आले नाही असे मी भासवले. बाजारात तिने माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. मी केसांत काही माळत नाही हे तिला माहीत आहे. आईने तो देवाला घातला.

५ डिसेंबर, गुरुवार

आमच्या मापन विभागात एक गेज आले आहे. मागच्या खेपेला मीच ते सदोष म्हणून परत पाठवले होते. आता दुरुस्त होऊन आले आहे. मी ते शार्दूलकडे दिले. शार्दूल नागपूरचा, नवा आहे.

"मॅडम, तुम्हीच करा ना," तो म्हणाला. "तुमचं रीडिंग म्हणजे फायनल असतं."

"म्हणून नको. मला कुठे दोष होता ते माहीत आहे. डोळा तिथेच जाईल आणि काटा नसला तरी तिथे दिसेल."

"असं होतं?"

"होतं. चांगल्या माणसांचं जास्त होतं. म्हणून नियम आहे. ज्याला उत्तर आधी ठाऊक, त्याने माप घ्यायचं नाही. आणि आधीचं माप काय होतं ते मला विचारूही नकोस."

त्याने मापले. गेज बरोबर निघाले. मला ते पुन्हा तपासावेसे वाटत होते. तपासले नाही.

८ डिसेंबर, रविवार

पंचांची बैठक. चिठ्ठ्या टाकून लेन वाटल्या. मला तिसरी लेन आली.

वाटप झाल्यावर विश्वेश्वर सरांनी विचारले, "कोणाची मुलगी, बहीण, शिष्या या स्पर्धेत आहे? त्यांनी आत्ताच सांगा. त्या शर्यतीपुरती जागा बदलून देईन. त्यात कमीपणा नाही."

दोघांनी हात वर केले. एकाची भाची, एकाचा शिष्य.

रूपश्री माझी मुलगी नाही, बहीण नाही, शिष्या नाही. मी हात वर केला नाही. प्रश्नाचे उत्तर अचूक होते.

आणि काय म्हणून सांगायचे? ही मुलगी माझ्या जागेवर बसून जेवते, असे?

१४ डिसेंबर, शनिवार

स्पर्धा कालपासून सुरू झाली. पाणी सकाळी बर्फासारखे गार असते. परदेशी मुली सराव करताना किंचाळतात, मग हसतात. त्यांच्यात एकमेकींना आपापल्या देशाच्या पिना देण्याची पद्धत आहे. कोलंबोची एक सडसडीत मुलगी माझ्याकडे आली आणि माझ्या शर्टाला पिन लावून गेली. पंचांना कोणी देत नाही म्हणे. मी आभार मानले. तीही ब्रेस्टस्ट्रोकवालीच आहे.

आज तिच्या आणि रूपश्रीच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या. रूपश्री दुसऱ्या लेनमध्ये होती, दुसऱ्या पंचासमोर. टर्न स्वच्छ झाला असे तो म्हणाला. उद्याच्या अंतिम शर्यतीला ती तिसऱ्या क्रमांकाने गेली, कोलंबोची मुलगी चौथ्या.

वेळेप्रमाणे अंतिम फेरीच्या लेन ठरतात. पहिलीला चौथी लेन, दुसरीला पाचवी, आणि तिसरीला तिसरी.

तिसरी लेन माझी आहे. मी काही केलेले नाही. हे गणिताने झाले.

विश्वेश्वर सर फलकापाशीच उभे होते. मी एक वाक्य बोलले असते तर जागा बदलली असती. मी पाणी पिऊन आले. आतून एकदम स्थिर वाटत होते, माप घेण्याच्या आधी वाटते तसे. आनंद झाला असे लिहायला पाहिजे, कारण झाला होता.

घरी रूपश्री आलीच होती. सगळ्या भारतीय मुलींना पांढऱ्या टोप्या दिल्या आहेत. तिची घट्ट होते.

"कपाळावर वळ उठतोय बघ. तुझी निळीच बरी होती, अक्का."

"मग निळीच घाल की," आई म्हणाली.

"परवानगी नाही, मावशी. अक्काच बाद करेल मला. काय गं?"

आणि हसली. मी म्हणाले, टोपीवरून बाद करत नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

आज झाले ते क्रमाने लिहिते.

शर्यत संध्याकाळी होती. दिवे लागले होते. आई आणि कृष्णाजी गॅलरीत होते. कृष्णाजींना दिसत नव्हतेच. आई त्यांना सांगत होती.

मी तिसऱ्या लेनच्या भिंतीशी वाकून उभी राहिले. शिट्टी, मग भोंगा. पाणी फाटल्यासारखा आवाज. मी फक्त माझ्या लेनकडे पाहत होते. इतर काही बघणे माझे काम नाही. ती येत होती. शेवटच्या टप्प्यात तिचा हात लांबल्यासारखा वाटला. मग भिंतीवर पाणी उसळले, ती वळली आणि खाली गेली.

माझा हात वर गेला होता. कधी गेला ते मला सांगता येणार नाही.

गॅलरीतला आवाज मधेच तुटला. माझा हात सगळ्यांना दिसत होता. उरलेले अंतर त्या पोहल्या, पण मी ते पाहिले नाही. फलकावर पहिल्या दोन जणींची नावे आली. तिसऱ्या ओळीत काहीच नाही.

विश्वेश्वर सर तलावाच्या कडेने चालत आले. घाई नाही.

"लेन?"

"तीन."

"काय?"

"टर्नला हात एकत्र नाहीत. डावा आधी."

"दिसलं की वाटलं?"

मी "दिसलं" म्हणण्यासाठी तोंड उघडले. पण कामावर मला एक सवय आहे. आकडा सांगण्याआधी मी काटा पुन्हा डोळ्यांसमोर आणते, आणि मगच सांगते. तसे केले. चित्र लगेच आले, अगदी स्पष्ट. डावीकडे कललेले डोके, भिंतीवर पाच बोटे, मग आणखी पाच. पाण्यात तळापर्यंत गेलेले ऊन. निळी टोपी.

समोर दिवे लागले होते. आणि रूपश्रीच्या डोक्यावर पांढरी टोपी होती.

मी दुसरे चित्र शोधले, आजचे. पांढऱ्या टोपीचे. खूप शोधले. नुसते पाणी उसळलेले होते.

"मथुरा," सर म्हणाले, "निकाल थांबलाय."

"वाटलं, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "नक्की?"

"वाटलं हे नक्की."

"मग हात खाली घ्या."

तोवर माझा हात वरच होता. खाली घेतला तेव्हा खांदा दुखत होता.

फलकावर तिसरे नाव आले. गॅलरीतून जो आवाज उठला त्यात मला आईचा आवाज वेगळा ऐकू आला. कोलंबोची मुलगी सहाव्या लेनमध्ये दोरीला धरून फलकाकडे बघत होती. चौथी. मग तिने पोहण्याचा चष्मा काढून पाण्यात विसळला आणि पुन्हा घातला.

घरी आईने पान वाढले. मग म्हणाली, "हात का वर केलास गं?"

"काम होतं."

"आणि खाली का घेतलास?"

"तेही कामच होतं."

"तुझं सगळं कामच असतं," आई म्हणाली आणि आमटी न विचारता वाढली. आज माझी जागा रिकामी होती. मी तिथेच बसून जेवले.

१६ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी रूपश्री आली. आत आली नाही, पायरीवर बसली. पदक कृष्णाजींच्या दुकानातल्या कापडाच्या चिंधीत गुंडाळलेले होते. आईने आतून हाक मारली, "घाल की गळ्यात, बघू." ती म्हणाली, "नंतर, मावशी."

मी शेजारी उभी राहिले. काल वाकून उभे राहिल्याने गुडघा आखडला होता, पायरीवर बसवेना.

"अक्का, डावा आधी लागला."

मी दाराच्या चौकटीला टेकले.

"मला कळलं. भिंत आधीच आली आणि डावा टेकला, मग उजवा. परत येताना सगळा वेळ तेच डोक्यात होतं. आणि फलकावर माझं नाव नव्हतं तेव्हा मी म्हटलं, सरी, झालं, अक्काने पाहिलं. संपलं." तिने चिंधीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मग नाव आलं. तू हात खाली घेतलास. माझ्यासाठी घेतलास काय?"

"नाही."

"खरं सांग. बाबांसाठी? दया आली?"

"नाही. तुझ्या डोक्यावर कोणत्या रंगाची टोपी होती?"

"पांढरी. तूच तर बघितलीस. का?"

"मला निळी दिसली."

तिने चिंधी मांडीवर ठेवली.

"म्हणजे मला दिसलं नाही," मी म्हणाले. "मी आधीच ठरवलं होतं काय दिसणार ते. गॅलरीतून पाहिलं होतं. तेच पुन्हा पाहिलं. कालचं नाही पाहिलं. न पाहिलेल्यावर कोणाला बाद करता येत नाही."

"गॅलरीतून तुला दिसलं होतं? डावा?"

"हो."

"कधी?"

"तेवीस तारखेला."

ती हिशेब करत असावी. लुनावर मागे बसून तिने विचारले तो दिवस त्यानंतरचा. मला वाटले, आता ती बोलेल. ती रडू लागली. पण जे बोलली ते मला अपेक्षित नव्हते. म्हणाली, "बरं झालं. दया केली असतीस तर मला हे घेता आलं नसतं."

मग नाक पुसून म्हणाली, "सरांना सांगितलं मी. कल्लाप्पा सरांना. ते म्हणाले, पंचाने हात खाली घेतला, विषय संपला, जा आणि नोकरीचा अर्ज भर. पण ती कोलंबोची. तिला मी काय सांगू? तुझ्याकडे तिचा पत्ता आहे?"

"नाही."

"मिळेल?"

"काय लिहिणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण काहीतरी."

ती गेल्यावर कोलंबोच्या मुलीची पिन टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिली. ही रूपश्रीला देणे योग्य झाले असते. दिली नाही. तिच्या पदकात जेवढा दोष आहे त्यातला निम्मा तरी एक डिसेंबरच्या पानावर आहे, आणि ते पान माझ्या वहीत आहे.

एक गोष्ट मात्र मन खात राहिली. भिंतीपाशी काय झाले ते तिला नक्की माहीत आहे. बोटांनी माहीत आहे. मी नियमाप्रमाणे तिथे उभी होते, पहिल्या नंबराने पास झालेली, डोळे उघडे ठेवून, आणि मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. मला तिच्या विक्रमाचा, टोपीचा, आईच्या तुपाचा हेवा वाटत होता हे आता लिहायला हरकत नाही. हा शब्द या वहीत आजच आला. पण सगळ्यांत जास्त हेवा मला या गोष्टीचा वाटतो आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

विश्वेश्वर सरांना फोन केला. आठ तारखेला हात वर करायला हवा होता, एवढेच सांगितले. कोण, ते त्यांनी विचारले नाही.

"उशिरा केलात," ते म्हणाले. "पुढच्या स्पर्धेला वेळेवर करा."

पुढच्या स्पर्धेला बोलावतील असे मला वाटले नव्हते. कोलंबोच्या संघाचा पत्ता त्यांच्याकडे होता. उतरवून घेतला.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी एकटी तलावावर गेले. गॅलरीत गेले नाही. पलीकडच्या भिंतीशी, काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी फार गार होते. गुडघ्याला बरे वाटले.

रूपश्री पोहत आली, वळायच्या ऐवजी थांबली. डोक्यावर निळी टोपी. पत्त्याचा कागद मी आधीच तिच्या पिशवीत ठेवला होता.

"अक्का! आता पंच नाहीस ना?"

"आज नाही."

"मग बघ की. आणि ओरडून सांग हं, पाण्यात ऐकू येत नाही."

मला ओरडायची सवय नाही. पहिल्यांदा ती आली, भिंतीला लागली, मी म्हणाले, "डावा." तिला ऐकू गेले नाही. दुसऱ्यांदा पुन्हा तेच झाले, आणि मी ओरडले, "डावा!" आवाज सगळ्या तलावावरून फिरून आला. समोरच्या टोकाहून कल्लाप्पा सर म्हणाले, "अरेच्चा! हिला आवाज आहे!"

मग शेवटचा स्ट्रोक जरा आधी मारून बघ, म्हटले. लांब घसर, घाई करू नकोस, भिंत कुठे पळत नाही. ती ऐकत होती. प्रत्येक वेळी जाताना मान हलवत होती. डावा. डावा. एकदा उजवा, त्यावर आम्ही दोघी हसलो.

ती चांगलीच दमली तेव्हा म्हणाली, "शेवटचा."

ती आली. भिंतीला लागली. मी काहीच ओरडले नाही. ती वळली नाही, दोरीला धरून वर बघत राहिली.

"काय झालं? बोल की!"

"दोन्ही," मी म्हणाले.

ती पाण्यात उताणी पडून हसायला लागली. हे मी तिला शिकवले, आणि आता ती माझ्यापेक्षा आणखी वेगाने पोहील. मला आनंद झाला असे लिहिता येणार नाही. पण ऊन तळापर्यंत गेलेले होते, टोपी निळी होती आणि दोन्ही हात बरोबर लागले. दिसले.